चाळीस पिनांची चिप, गिरणेकाठचे सर

खान्देशातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत मायक्रोप्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेली चिप, शिकवणारी पहिली पिढी आता निवृत्त झाली किंवा व्हायला आली. त्यांच्या बायोडेटात कॉम्प्युटर हार्डवेअर आणि एम्बेडेड सिस्टिम्स (यंत्रातच बसवलेले छोटे संगणक) हे विषय हमखास असतात. केळी-कापसाच्या मुलखात हे विषय आले कसे आणि ते शिकवणारे घडले कसे, त्याची ही पार्श्वभूमी.

१९८३ पूर्वी इकडच्या मुलाला इंजिनीअरिंगची पदवी घ्यायची तर ट्रंक भरून पुणे, मुंबई नाहीतर औरंगाबाद गाठावं लागे. घरच्या आसपास मिळे ती पॉलिटेक्निकची पदविका. १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी जळगावजवळ, गिरणेपलीकडे बांभोरीला कॉलेज उभं राहिलं. धुळे आणि फैजपूरही फार मागे राहिले नाहीत. इमारती झाल्या, पण शिकवणारे आणायचे कुठून? मग नुकते बी.ई. झालेले, तेवीस-चोवीस वर्षांचे पोरगेसे लोक अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले. त्यांच्यातले आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांमधले अंतर दोन-तीन वर्षांचं. पुढची पदवी त्यांनी नोकरी करता करताच घेतली.

विषयही त्यांच्याइतकाच कोवळा होता. इंटेलची पहिली मायक्रोप्रोसेसर चिप, ४००४, नोव्हेंबर १९७१ मध्ये आली. बिझिकॉम या जपानी कंपनीला कॅल्क्युलेटर बनवायचा होता, त्या कामातून ती निघाली. तिच्यात ट्रान्झिस्टर होते सुमारे २,३००. आपल्याकडे शिकवली गेली ती मात्र १९७६ ची ८०८५. आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागत, हिला पाच व्होल्टचा एकच सप्लाय पुरे. प्रयोगशाळेच्या बजेटला ही गोष्ट मोठीच.

किट म्हणजे एक उघडा बोर्ड, हेक्स कीपॅड (० ते ९ आणि ए ते एफ अशी बटणं) आणि लाल रंगात उजळणारे सहा आकडे: चार पत्त्याचे, दोन डेटाचे. पाच आणि तीनची बेरीज करायची तर ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ३२, ५०, २०, ७६ असे चिपला कळणारे हुकूम आणि आकडे एकेक दाबत जायचे. उत्तर २०५० या पत्त्यावर ठेवायचं, पण भरताना ५० आधी आणि २० मागून, कारण इंटेलच्या चिपला धाकटा बाइट आधी हवा. ओरलला निम्मी मुलं इथेच अडकत. दहा आकडे चढत्या क्रमाने लावायचा प्रोग्राम मी एकदा पंधरा मिनिटं खपून भरला आणि शेवटच्या बाइटला लाईट गेली. परत आली तेव्हा मेमरीत कचरा. सर शांतपणे म्हणाले, "समजलं का भाऊ, व्होलाटाइल म्हणजे काय?" ती व्याख्या मला पुन्हा पाठ करावी लागली नाही.

१९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि पुणे विद्यापीठाचा अभ्यासक्रम सुटला. १९९६ मध्ये जळगावला सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज आलं, २००१ मध्ये शिरपूरला एक खासगी कॉलेज. या काळात ८०५१ ने ८०८५ च्या शेजारी जागा मिळवली. ही १९८० ची चिप. प्रोसेसर, १२८ बाइट रॅम, ४ केबी रॉम, दोन टायमर आणि चार पोर्ट, सगळं एकाच चाळीस पिनांच्या अंगात. ८०८५ ला यासाठी शेजारी दोन-चार चिपा बसवाव्या लागत. पुढे फ्लॅश मेमरीची ८९सी५१ मिळू लागली आणि आधीचा प्रोग्राम पुसण्यासाठी ईप्रॉम ही मेमरी चिप अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली वीस मिनिटं भाजणं संपलं. (ईप्रॉमच्या काचेच्या खिडकीवर स्टिकर लावायचा असे. थेट उन्हात आठवडाभर राहिली तर ती पुसली जाते, आणि जळगावच्या मे महिन्यात तर ऊनच ऊन.) चिपा आणायला महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला जायचं आणि पासोड्या विठोबाजवळची दुकानं पालथी घालायची.

'एम्बेडेड' या शब्दाला इथे खरा अर्थ आला तो विहिरीवर. शेतीची लाईट रात्रीची; मोटार चालू करायला अंधारात, विंचूकाट्यातून जावं लागे. मोबाइल स्वस्त झाले तसा जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये एकतरी गट तोच प्रोजेक्ट घेऊ लागला: फोनवरून पंप. विहिरीवरचा फोन आपोआप कॉल उचलणार, त्याच्या हेडफोनची वायर एमटी८८७० या, दाबलेल्या बटणाचा सूर ओळखणाऱ्या चिपला, तिचे चार बिट ८०५१ ला आणि तिथून रिलेमार्गे स्टार्टरला. घरून बटण दाबलं की मोटार सुरू. वर्गात तो चालायचाच. शेतात विजेच्या तीन फेजपैकी एखादा गेला की गाडी अडायची, कारण फेज तपासणारं सर्किटच पोरांनी लावलेलं नसे. ते लावायला सांगणारे सर माझ्या मते खरे हार्डवेअरचे सर.

संशोधनाची वाट मात्र वेगळी गेली. अध्यापकांना पुढच्या शिक्षणासाठी पाठवणाऱ्या, १९७० पासूनच्या क्यूआयपी योजनेतून काही जण आयआयटीत जाऊन आले. २०१० मध्ये वेतनश्रेणीसोबत पदनामं बदलली, अधिव्याख्याता सहायक प्राध्यापक झाले आणि पीएच.डी.चा रेटा वाढला. बोर्ड बनवायला पैसा लागतो, इमेज प्रोसेसिंगला, म्हणजे फोटोंवरच्या संगणकी प्रक्रियेला, एक संगणक पुरतो. हार्डवेअरच्या बऱ्याच माणसांनी प्रबंध लिहिले ते फोटोंवर, आणि त्यासाठी त्यांना बोल लावणं मला जमणार नाही.

२०१७ नंतर इथल्या बऱ्याच कॉलेजांनी लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची संलग्नता घेतली, काही स्वायत्त झाली. अभ्यासक्रमात एआरएम जातीची चिप आली, टेबलावर आर्डुइनो हा तयार बोर्ड. मी शिकलो त्या प्रयोगशाळेतली ८०८५ ची किटं डेड स्टॉक रजिस्टरात अजून आहेत. निर्लेखनाच्या, म्हणजे जुनं सामान मोडीत काढायच्या, फाइलवर एक सही बाकी आहे.