बेळगावहून लॉला जाताना: दोन राज्यांच्या नियमांची पार्श्वभूमी

पीयूसीचा (कर्नाटकातल्या बारावीचा) निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत लॉच्या प्रवेशाची चर्चा सुरू होते आणि ती थोड्याच वेळात अभ्यासावरून दाखल्यांवर घसरते. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला आपण कुठल्या राज्याचे हे फॉर्मवर लिहिताना विचार करावा लागत नाही. इथे करावा लागतो, आणि त्याचे कारण जुने आहे.

१९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. इथल्या अपिलांची वाट मुंबई हायकोर्टाकडे जाई. त्याच काळात, १९३९ मध्ये, बेळगावच्या वकील मंडळींनी कर्नाटक लॉ सोसायटी स्थापन केली आणि गावातच कायद्याचे कॉलेज सुरू केले. वंटमुरीचे राजा लखमगौडा सरदेसाई यांचे नाव आज त्या कॉलेजला आहे. टिळकवाडीत त्याला सगळे ‘आरएल लॉ’ म्हणूनच ओळखतात. पुढे देशाचे ॲटर्नी जनरल झालेले के. के. वेणुगोपाल इथूनच कायदा शिकले. त्या पिढ्यांना प्रवेश परीक्षा नावाचा प्रकार माहीत नव्हता. पदवी हीच चाळणी होती. पदवीपर्यंत पोचणारेच थोडे, त्यामुळे त्यापुढे वेगळी चाळण लावायची गरज कुणाला भासली नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. चंदगड कोल्हापूरला जोडला गेला, म्हणून आज दोन शेजारच्या गावांतल्या मुलांचे प्रवेशाचे नियम वेगळे आहेत. हायकोर्ट बंगळूरला गेले. २००८ च्या जुलैत धारवाडला खंडपीठ बसेपर्यंत बेळगावच्या पक्षकाराला आणि नव्या वकिलाला तेवढा लांबचा पल्ला होता. कनिष्ठ कोर्टाचा कारभार कन्नडकडे सरकत गेला. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला आणि २००४ मध्ये राज्यघटनेच्या कलम १३१ खाली सुप्रीम कोर्टात दावा दाखल केला. दोन राज्यांतला वाद थेट सुप्रीम कोर्टात का जातो, हे दुसरीकडची मुले गाइडमधून पाठ करतात. इथे ते घरच्या गप्पांतच कानावर पडते. परीक्षेत कामाला येणारा सीमावादाचा एवढाच काय तो फायदा!

दरम्यान कायद्याचे शिक्षणही बदलले. वकिली आणि कायद्याच्या शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिलने १९८०च्या दशकात बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणला, आणि त्याचा नमुना ठरलेले राष्ट्रीय विधी विद्यालय बंगळूरला उभे राहिले. माधव मेनन त्याचे पहिले संचालक. पुढे इतर राज्यांनीही अशी विद्यापीठे काढली आणि प्रत्येकाची परीक्षा वेगळी झाली. एकाच उन्हाळ्यात चार गावांना परीक्षेसाठी पळणाऱ्यांची तक्रार सुप्रीम कोर्टात पोचली, आणि २००८ मध्ये सात विद्यापीठांची मिळून पहिली ‘क्लॅट’ ही सामायिक प्रवेश परीक्षा झाली. २०२० पासून तिचा रोख उतारे वाचून उत्तर देण्यावर आहे आणि पेपर फक्त इंग्रजीत असतो. मराठी माध्यमातून दहावी केलेल्याने इथे स्वतःची समजूत घालू नये: पहिले सहा महिने रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचणे हीच खरी तयारी, क्लासची फी त्यानंतर.

महाराष्ट्राने लॉसाठी स्वतःची सीईटी २०१६ पासून लावली. ती इंग्रजीबरोबर मराठीतूनही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. कर्नाटकात हुबळीच्या राज्य विधी विद्यापीठाशी (स्थापना २००९) संलग्न कॉलेजांत, म्हणजे आरएल लॉमध्येही, प्रवेश गुणांवर होतो. सीईटीचा क्लास लावण्याआधी एवढे तरी ठाऊक हवे. बार कौन्सिलची ४५ टक्क्यांची किमान अट मात्र खुल्या गटाला सगळीकडे सारखीच.

आता दाखल्यांचे. महाराष्ट्राने ज्या ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे, तिथल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांच्या नियमांत सीमाभागाची वेगळी तरतूद आहे. दहावी किंवा बारावी त्या भागातल्या संस्थेतून झालेली असावी लागते, आणि गाव व मातृभाषा दोन्हींचे प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावे लागते. लॉच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत ही अट शब्दशः वाचावी, गेल्या वर्षीच्या मुलाच्या सांगण्यावर जाऊ नये. नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळालेला दाखला कन्नडमध्ये असतो, तेव्हा भाषांतराला वेळ ठेवावा. जातीचे आणखी अवघड: कर्नाटकात मराठा समाज ‘३बी’ या मागास गटात मोडतो, पण तो दाखला महाराष्ट्रात आरक्षणासाठी चालत नाही. घरच्यांनी ‘कॅटेगरी आहे की’ म्हणून निश्चिंत राहिलेली मुले कॅप राउंडला (केंद्रीय प्रवेशाच्या फेरीला) अडकतात ती इथेच.

उलट बंगळूरच्या विद्यालयात २०२१ पासून कर्नाटकच्या विद्यार्थ्यांसाठी २५ टक्के राखीव जागा आहेत. त्याआधी राज्य सरकारने कायद्याने तसे केले होते, ते हायकोर्टाने सप्टेंबर २०२० मध्ये रद्द ठरवले. मग विद्यालयाने स्वतःच तरतूद केली. इथे अट भाषेची नाही, कर्नाटकात दहा वर्षे शिकल्याची आहे. पहिली ते दहावी निपाणीच्या मराठी शाळेत काढलेली मुलगी यात बसते. आठवीलाच कोल्हापूरच्या वसतिगृहात पाठवलेला तिचा भाऊ बसत नाही. सीमाभागातले पालक बंगळूरचा हा कोटा ‘आपला नव्हे’ असे समजून सोडून देतात, ते मला पटत नाही. राजकीय मागणी आपल्या जागी, फॉर्म आपल्या जागी.

पदवीनंतर नोंदणी एकाच राज्याच्या बार कौन्सिलकडे होते, तरी ती पुढे हलवता येते, आणि ॲडव्होकेट्स ॲक्टचे ३० वे कलम २०११ च्या जूनमध्ये लागू झाल्यापासून वकिली देशात कुठेही करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. निपाणीच्या वकिलाला ते धारवाडपेक्षा जवळ पडते, पण त्याच्या गावची प्रकरणे तिथे जात नाहीत. ती धारवाडलाच जातात. तेव्हा निपाणी, चिकोडी, खानापूरच्या कोर्टात उभे राहायचे ज्यांनी ठरवले आहे, त्यांनी पाच वर्षांत कन्नड वाचण्याइतके पक्के करून घ्यावे.