एलिमॉसिनरी: कळवळ्यापासून कायद्यापर्यंत

'एलिमॉसिनरी' हे इंग्रजी विशेषण शब्दकोशात दया-दानाच्या शेजारी सापडतं. म्हणून कुणी ते 'दयाळू'च्या जागी वापरायला जातं आणि फसतं. आजी मायाळू असते, डॉक्टर कनवाळू असतो. एलिमॉसिनरी असते ती संस्था, निधी, फार तर फुकटचं जेवण. गंमत म्हणजे दान देणारा, दानावर जगणारा आणि दानात मिळालेली वस्तू, तिघांनाही हे एकच विशेषण चालतं.

मूळ ग्रीक शब्द 'एलिओस', म्हणजे कळवळा. शोकांतिका पाहताना भीतीच्या जोडीनं दाटून येणारी करुणा ॲरिस्टॉटलनं सांगितली, ती हीच. त्यापासून 'एलेइमोसिने' झाला: आधी दया, मग दयेपोटी हातावर ठेवलेलं काही. हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आले तेव्हा 'त्सदाका'साठी काही ठिकाणी हाच शब्द योजला गेला. त्सदाका म्हणजे मुळात नीतीनं, न्यायानं वागणं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. 'धर्म करा हो माय' अशी हाक दारात आली की कुणी उपनिषदं काढत नाही, पसाभर धान्य काढतो.

हाच शब्द लॅटिनमार्गे इंग्रजीत दोनदा शिरला. पहिल्यांदा बोलीतून, झिजत झिजत: जुन्या इंग्रजीत 'अल्मेसे' आणि आज 'आम्स', म्हणजे भिक्षा. शेवटचा 'स' मूळचाच, पण लोकांनी तो अनेकवचनाचा धरला. दुसऱ्यांदा तो पंडितांच्या हातून, सगळा लवाजमा घेऊन 'एलिमॉसिनरी' म्हणून आला. एकाचं स्पेलिंग चार अक्षरांचं, दुसऱ्याचं बारा.

1749 मध्ये इंग्लिश लेखक हेन्री फील्डिंगनं 'टॉम जोन्स' या कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात तो वापरला. लेखकानं स्वतःला फुकट पंगत घालणारा यजमान समजू नये, पैसे घेऊन जेवू घालणारा खाणावळवाला समजावं, असं तो म्हणतो. त्या फुकट पंगतीचं विशेषण एलिमॉसिनरी.

वकिलांनीही तो उचलला. इंग्लिश कायदेपंडित ब्लॅकस्टोननं रुग्णालयं आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची कॉलेजं एलिमॉसिनरी संस्थांच्या वर्गात बसवली. अमेरिकेत 1816 साली न्यू हॅम्पशायर राज्यानं डार्टमथ कॉलेज ताब्यात घेऊ पाहिलं. 1819 मध्ये सरन्यायाधीश मार्शल यांनी निकाल दिला: कॉलेज खासगी एलिमॉसिनरी संस्था आहे, 1769 ची सनद हा करार आहे, राज्याला तो मोडता येणार नाही. एवढ्या मोठ्या खटल्यात कळवळ्याचं काम एकच उरलं होतं, मालकी कुणाची ते सांगण्याचं.

मराठीत या विशेषणाला प्रतिशब्द शोधत बसायची गरज नाही. 'धर्मादाय' आहेच, आणि तोही आता दारातल्या हाकेपेक्षा धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतल्या फायलींवरच जास्त भेटतो.