रिपोर्टातल्या ग्रीकशी आपलं जुनं नातं

‘डिस्पेप्सिया’ (अपचन) हा शब्द डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिसला की परका वाटतो. तो फोडून पाहा. ग्रीक ‘डिस’ म्हणजे आपल्या दुर्गंधातला, दुष्काळातला ‘दुः’. ‘पेप्सिस’ म्हणजे पचन; त्याचं आणि संस्कृत ‘पच्’ धातूचं मूळ एकच. दोन्ही तुकडे आपल्या नात्यातले! संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमाच्या भाषा असाव्यात, असं ब्रिटिश न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात मांडलं होतं. त्याचा पुरावा आज आपल्या औषधांच्या फायलीत सापडतो. ऑस्टिओपोरोसिसमधला, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारातला, ‘ऑस्टिओ’ आपल्या अस्थीचा भाऊबंद आहे. ॲनिमियातला ‘ॲन’ तर अनिच्छा, अनादर यांतला नकारच. पुढचा ‘हायमा’ म्हणजे रक्त.

सगळ्यात जपून वाचावी अशी जोडी म्हणजे ‘हायपो’ आणि ‘हायपर’. ऐकायला जवळजवळ सारखे, अर्थ उलटे. हायपो म्हणजे खाली, कमी. हायपर म्हणजे वर, जास्त. संस्कृतात त्यांचे सोयरे ‘उप’ आणि ‘उपरि’, आणि उपरिपासूनच आपला मराठी ‘वर’ आला. म्हणून हायपर म्हणजे वर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मधुमेहाच्या पेशंटच्या रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तो हायपोग्लायसेमिया. घाम फुटतो, हातपाय थरथरतात. शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यायचं असतं. अशा वेळी फोनवर कुणी ‘हायपर’ ऐकलं आणि साखर उतरवणारं इन्सुलिन टोचलं, तर जिवावर बेतू शकतं. म्हणून फोनवर हे शब्द न वापरता ‘शुगर कमी झालीये’ असं सरळ मराठीत सांगावं आणि आकडाही सांगावा.

ऑपरेशनच्या नावांत शेवट बघायचा. ‘टॉमी’ म्हणजे छेद घेणं, ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढणं. ‘स्टोमा’ म्हणजे तोंड. कोलेक्टॉमीत मोठं आतडं किंवा त्याचा भाग काढतात; कोलोस्टॉमीत त्याच आतड्याला पोटावर तोंड करून देतात. संमतीपत्रावर सही करण्याआधी यातलं नेमकं काय होणार आहे हे नातेवाइकांना कळायलाच हवं. ‘आयटिस’ सोपा आहे, त्याचा अर्थ दाह: हिपॅटायटिस म्हणजे यकृताचा.

शेवटी ‘ओमा’, म्हणजे बहुधा गाठ, दिसला की मात्र घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात. लिम्फोमा, मेलानोमा हे कॅन्सर आहेत, हे खरं. पण लायपोमा ही चरबीची साधी गाठ असते, हिमॅटोमा म्हणजे मार लागून साकळलेलं रक्त, आणि ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू. त्यात दृष्टीची नस खराब होते, गाठ नसतेच.