रात्रीचा तो आवाज कोणाचा? ओळख पटवण्यामागचा इतिहास

रात्री ऐकलेला आवाज सकाळी दुसऱ्याला सांगायचा तर नक्कल करावी लागते, आणि नक्कल करणाऱ्याच्या गळ्यातून तो निम्मा बदलूनच बाहेर पडतो. कोणी म्हणतं बाई किंचाळत होती, कोणी म्हणतं तान्हं मूल रडत होतं, आणि असते ती माजावर आलेली खोकडाची मादी. हजारो वर्षं अडचण इथेच होती. प्राणी दिसत नाही आणि त्याचा आवाज जाणकारापर्यंत नेताही येत नाही.

त्यात रात्रीची हवाही फसवते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वरची तुलनेने उबदार राहते आणि वर जाणारा आवाज खाली वाकतो. दूरच्या टेकडीवरची हाक खिडकीखालून आल्यासारखी वाटते ती त्यामुळे.

मग सुचेल ते नाव चिकटायचं. इंग्लंडात अंधाऱ्या आभाळातून भुंकत जाणाऱ्या झुंडीला 'गॅब्रिएलचे शिकारी कुत्रे' म्हणत. ते बहुधा रात्री स्थलांतर करणारे कलहंस असावेत. जुन्या घरांच्या तुळयांमधून येणाऱ्या टकटकीला मरणाची चाहूल समजत. खरं तर तो लाकूड पोखरणारा एक भुंगेरा. जोडीदाराला बोलावण्यासाठी तो लाकडावर डोकं आपटतो. पण ही बारीक टकटक ऐकू यायला घर अगदी शांत लागतं, आणि मरणासन्न माणसाच्या उशाशी रात्रभर जागणाऱ्यांना ती शांतता मिळायची. अशा समजुतींना हसावंसं मला वाटत नाही. ऐकलेलं खरंच होतं, फक्त ते कोणाच्या तोंडचं हे कळायला मार्ग नव्हता.

१८७७ साली एडिसनचा फोनोग्राफ आला आणि आवाज प्रथमच साठवून पुन्हा ऐकता आला. १८८९ मध्ये जर्मनीतल्या लुडविग कॉख या लहान मुलाने पाळलेल्या श्यामा पक्ष्याचं गाणं मेणाच्या नळकांड्यावर घेतलं. पक्ष्याच्या आवाजाचं हे सर्वांत जुनं ज्ञात ध्वनिमुद्रण. पुढे १९२९ पासून अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्थर ॲलन आणि पीटर पॉल केलॉग यांनी रानातल्या पक्ष्यांचे आवाज बोलपटाच्या यंत्रसामग्रीवर टिपायला घेतले. त्यातूनच आजचा मोठा ध्वनिसंग्रह उभा राहिला.

माझ्या मते खरी कलाटणी मिळाली ती आवाज डोळ्यांना दिसू लागला तेव्हा. १९४० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत आवाजाचा आलेख काढणारं यंत्र तयार झालं, आणि नंतर केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी ते पक्ष्यांच्या गाण्यासाठी वापरलं. आडवा अक्ष वेळेचा, उभा अक्ष स्वराच्या उंचीचा आणि जितका आवाज मोठा तितकी शाई गडद. घुबडाचा घुत्कार तळाशी एक जाडसर आडवी रेघ काढतो, रातकिडा वरच्या बाजूला बारीक टाके घालतो, आणि गव्हाणी घुबडाची किंकाळी कागदभर धुरकट पट्टा ओढते. 'बाई किंचाळल्यासारखा' या वर्णनाने काही ठरत नव्हतं; दोन आलेख मात्र शेजारी ठेवून ताडून बघता येतात.

तरीही मुद्रण हातात असलं म्हणजे ओळख पटली असं होत नाही. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात १९६० च्या दशकात पाणबुड्यांवरच्या लोकांना बदकासारखा 'क्वॅक' ऐकू आला. त्याचं नावच 'बायो-डक' पडलं. मुद्रणं साठत गेली, पण तो काढतं कोण हे कळेना. शेवटी २०१३ मध्ये अंटार्क्टिक मिंकी देवमाशांच्या अंगाला निर्वात चकतीने ध्वनिमापक चिकटवले, तेव्हा तोच आवाज त्यांच्यावर नोंदला गेला, आणि २०१४ मध्ये ते जाहीर झालं. जवळजवळ पन्नास वर्षं आवाज एकीकडे आणि तोंड दुसरीकडे!

कॅलिफोर्नियात सॉसालिटोच्या तरत्या घरांमधल्या लोकांची १९८० च्या दशकात अशीच झोप उडाली होती. उन्हाळ्यात रात्र रात्र एकसुरी घुमणं चालायचं. पंप, सांडपाण्याची यंत्रणा, पाणबुडी, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. निघाला 'मिडशिपमन' नावाचा मासा. नर दगडाखाली घर करतो आणि हवेच्या पिशवीचे स्नायू थरथरवून मादीला बोलावतो, तेही तासभर न थांबता.

आता २००५ पासून झेनो-कँटो या संकेतस्थळावर जगभरचे आवाज खुले आहेत, आणि मर्लिनसारखी ॲप्स फोनवरच अंदाज सांगतात. त्यांचा भर मात्र पक्ष्यांवर. भुकेलं पिल्लू, भांडणारी रानमांजरं, घाबरलेलं हरीण यांचे आवाज तिथे सहज सापडत नाहीत. म्हणून मुद्रणासोबत वेळ, दिशा आणि दोन हाकांमधलं अंतर लिहून ठेवलं तर जाणकाराला फार मदत होते.

इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावर २००३ मध्ये दोन अभ्यासकांनी, एकमेकांना न सांगता, एका छोट्या घुबडाची एकच स्वच्छ शीळ ऐकली. त्याचे नमुने १८९६ मध्येच संग्रहालयासाठी गोळा झाले होते, पण ते दुसऱ्याच जातीचे समजून ठेवले गेले होते. पिसांवरून जे कुणाला उमगलं नाही ते शिळेने दाखवलं, आणि २०१३ मध्ये ही स्वतंत्र जात म्हणून जाहीर झाली. बेटावरचे लोक मात्र त्याला आधीपासूनच 'बुरुंग पोक' म्हणत होते. बुरुंग म्हणजे पक्षी, आणि 'पोक' हा त्याचा आवाज.