पिक अप

पिक अप हे इंग्रजीतलं जोडक्रियापद, सरळ अर्थ उचलणं, पण आमच्याकडे विदर्भातल्या खेड्यात हा शब्द पहिले गाडी म्हणूनच कानावर येतो. घरात रचलेला कापूस जिनिंगवर न्यायचा असला की "पिकअप सांगितली का?" हा प्रश्न ठरलेला, म्हणजे मागे उघडा डाला असलेली छोटी मालवाहू गाडी. दुसरा अर्थ मोटरसायकलवाल्यांचा, "गाडीले पिकअपच नाही", म्हणजे रेस देऊनही पळत नाही. हा आपण लावलेला अर्थ नाही बरं, इंग्रजी डिक्शनरीतही आहे, आणि पिक अप स्पीड म्हणजे वेग पकडणं.

क्रियापद म्हणून पसारा मोठा. पाव्हण्याले स्टँडवरून आणाले जाणं, पोलिसांनी कोणाला उचलणं, फोन उचलणं, सगळं पिक अप. पोट्टं नागपूरले राहून क्लास न लावता हिंदी शिकलं तरी पिक्ड अपच. फक्त अनोळखी पोरीबद्दल जपून वापरावं, तिथं अर्थ पटवण्याकडे जातो.

चूक होते ती कापसात. पोरं हमखास लिहितात 'शी पिक्स अप कॉटन', पण बोंडातून कापूस वेचणं म्हणजे नुसतं पिक, अप लावलं की खाली सांडलेला उचलला असं होतं. आणि मराठीतल्या पिकाशी या पिकचं काही नातं नाही, कोणी सांगितलं तरी ऐकू नये.

वाक्यात हे दोन शब्द फाकतात. 'पिक अप द बॅग' चालतं, 'पिक द बॅग अप' पण चालतं, मात्र इट आलं की ते मधातच बसतं, पिक इट अप. क्रियापदात जोर अपवर असतो, गाडी किंवा नाम असलं की पिकवर.

धंदा वाढला, मंदीनंतर बाजार सुधारला, यालाही पिक अप म्हणतात, आपल्या 'उचल खाल्ली'च्या जवळचं. पण सालदार साल ठरताना मालकाकडून घेतो ती उचल वेगळी, तिला इंग्रजीत अॅडव्हान्स म्हणायचं. कोणी 'आय टूक अ पिकअप' म्हटलं तर ऐकणारा समजेल हा गाडी घेऊन गेला.