चपलेच्या तळात चिप : खऱ्या कोल्हापुरीच्या ओळखीची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये, म्हणजे चपलांच्या बाजारात, जुनं गिऱ्हाईक आजही चप्पल आधी हातात घेतं. तळ वाकवून बघतं, वास घेतं, कानाजवळची शिलाई चामड्याच्या वादीची आहे की दोऱ्याची ते न्याहाळतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याचा वास एकदा ओळखीचा झाला की फसगत होत नाही. पण ही पारख पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाकडे कुठून येणार? ऑनलाइन घेणाऱ्याला तर फोटोच दिसतो, आणि रेक्झिनची चप्पल फोटोत अस्सल कोल्हापुरीसारखीच दिसते.

भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे वस्तूचं नाव तिच्या मुलुखाशी बांधणारा, कायदा 1999 चा, तो लागू झाला 2003 मध्ये. कोल्हापुरी चपलेला मानांकन मिळायला 2019 उजाडलं. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. त्यामुळे नाव राखलं गेलं. हातातला जोड खरा की खोटा, हे मात्र मानांकन सांगत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच होती.

सोन्याने ही वाट आधी दाखवली. हॉलमार्क असलेल्या प्रत्येक दागिन्यावर 2021 पासून सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक येऊ लागला. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, आता गिऱ्हाईक तो मोबाइलवर तपासून घेतं. जून 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीच्या घाटाची चप्पल आणली, इकडे संताप उसळला, आणि अस्सलपणाचा प्रश्न घरोघरी पोचला. त्याच वर्षी राज्याच्या चर्मोद्योग महामंडळाच्या क्यूआर कोडची चर्चा झाली. कोड स्कॅन केला की कारागिराचं नाव, गाव, कच्चा माल कळतो. हे मला फार मोलाचं वाटतं. इतकी वर्षं जोड विकला गेला, करणारा हात अनामच राहिला.

पण छापील कोडचा फोटो काढून हजार खोट्या जोडांवर चिकटवता येतो. म्हणून चिपचा विचार. एनएफसी, म्हणजे अगदी जवळून मोबाइलशी बोलणाऱ्या, चिपला बॅटरी लागत नाही; मोबाइल दोन-चार सेंटिमीटरवर आणला की त्याच्याच लहरींवर ती जागी होते. साध्या चिपमधला मजकूरही उतरवून घेता येतो. सुरक्षित चिप मात्र दर वेळी नवा सांकेतिक आकडा देते, म्हणून जुना आकडा नकल करणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो. फेरागामोसारख्या इटालियन कंपनीने बुटांच्या तळात रेडिओ चिपा 2014 पासूनच घातल्या.

आपल्याकडे मेख कामाच्या पद्धतीत आहे. कातडं भिजवतात, मग हातोडीने ठोकतात. नाजूक चिप त्या माऱ्याखाली टिकायची नाही. ती ठोकणं संपल्यावर, तळाच्या दोन थरांमध्ये, शेवटची वादी ओढण्याआधी घालावी लागेल, आणि ती जागा कारागिरानेच दाखवायला हवी.