हायस्कूलमधून कॉलेजचे वर्ग: कॅलिफोर्नियातला अर्ज नेमका कुठे अडतो

कॅलिफोर्नियातल्या पब्लिक हायस्कूलच्या मुलांना शाळा चालू असतानाच कम्युनिटी कॉलेजचे (बहुतेक दोन वर्षांचे अभ्यासक्रम असलेली सरकारी कॉलेजं) विषय घेता येतात. यालाच ड्युअल एन्रोलमेंट म्हणतात. एरवी युनिटमागे (विषयाचं वजन मोजायचं माप, म्हणजे क्रेडिट) ४६ डॉलर फी पडते, ती या मुलांना बहुतेक कॉलेजं माफ करतात. शाळा आणि कॉलेजमध्ये 'सीकॅप' (CCAP) हा ड्युअल एन्रोलमेंटचा करार असेल तर पुस्तकांचे पैसेही मागता येत नाहीत. मर्यादा सेमिस्टरला ११ युनिटची, सीकॅपमध्ये १५ पर्यंत.

अर्ज 'सीसीसीअप्लाय' (CCCApply) या कम्युनिटी कॉलेजांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, अर्ध्या तासाचं काम. अडतं ते पुढे.

पहिली गोम ईमेलची. मुलं शाळेचा ईमेल देतात, आणि बऱ्याच शाळा बाहेरून येणारी पत्रं अडवतात. कॉलेजचा आयडी येतो तो कुणाला दिसतच नाही. मुलाचा स्वतःचा ईमेल द्या, आईबाबांचा नको.

दुसरी, अर्जात 'हायस्कूल आणि कॉलेज एकाच वेळी' हा पर्याय निवडायचा असतो. पण मूल पहिल्यांदाच कॉलेजात जातंय म्हणून 'फर्स्ट टाइम स्टुडंट'वर टिचकी मारली जाते. अर्ज मंजूर झाल्याचं पत्र येतं, घरात पेढे वाटून होतात, आणि नोंदणीच्या दिवशी कळतं की होल्ड लागलाय, म्हणजे नोंदणी अडवून ठेवलीय.

एच-४ वरच्या (एच-१बीसारख्या कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाला मिळणारा व्हिसा) मुलांच्या घरी सगळ्यात जास्त घालमेल होते. सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून लोक अर्जच सोडून देतात. अहो, नंबर नसल्याची खूण करायची सोय त्याच पानावर आहे. खरी अडचण रहिवासाची. एच-४ वरचं मूल कॅलिफोर्नियाचं रहिवासी ठरू शकतं, पण सज्ञान नसलेल्या मुलाचा रहिवास पालकांवरून ठरतो आणि पालकांना सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्षाहून जास्त काळ झालेला लागतो. व्हिसाचा प्रकार किंवा राज्यात आल्याची तारीख चुकीची पडली की मूल थेट 'नॉनरेसिडंट' होतं आणि युनिटमागे काहीशे डॉलरचं बिल येऊ शकतं. घाबरून भरू नका. आय-७९७ (व्हिसा दर्जा मंजूर झाल्याचं पत्र), आय-९४ (देशात आल्याची नोंद), राज्याचा टॅक्स रिटर्न (फॉर्म ५४०), ड्रायव्हिंग लायसन्स आणि घरभाड्याचा करार घेऊन अ‍ॅडमिशन ऑफिसला रहिवास पुन्हा तपासायला सांगा. हे कागद आधी कुणी मागत नाही. बिल मात्र आधी पाठवतात!

नावाचंही बघा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, शाळेत ते गाळलेलं, अर्जात मूल आपलं घरचं छोटं नाव लिहितं. मग शाळेचा परवानगीचा फॉर्म आणि कॉलेजचा अर्ज एकमेकांना जुळत नाहीत.

आता परवानगीचा फॉर्म. मूल, पालक आणि शाळा, तिघांच्या सह्या. बहुतेक ठिकाणी तो दर सत्राला नवा लागतो. मागच्या सत्राचा चालेल या भरवशावर राहू नका. कॉलेजच्या संकेतस्थळावर जी ठळक तारीख दिसते ती बहुधा वर्ग सुरू होण्याची असते. फॉर्मची मुदत वेगळ्या पानावर, बारीक अक्षरात. उन्हाळी सत्रासाठी तर मे महिन्यातच काउन्सेलरला गाठा, कारण जूनमध्ये शाळा सुटली की सही करायला माणूस सापडत नाही. शिवाय उन्हाळ्यासाठी प्रिन्सिपलला प्रत्येक इयत्तेतल्या जास्तीत जास्त ५ टक्के मुलांचीच शिफारस करता येते. काही विषयांना यातून सूट आहे. आपला विषय त्यात बसतो का ते विचारून घ्या.

नोंदणीत या मुलांचा नंबर सहसा शेवटी लागतो, म्हणून दोन-तीन पर्यायी विषय फॉर्मवर आधीच लिहून घ्या. विषय यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) धरला जातो का, हे 'असिस्ट'च्या (assist.org) संकेतस्थळावर दिसतं.

वर्ग झेपत नसेल तर मुदतीत सोडा. नंतर सोडला तर 'डब्ल्यू' (विषय सोडल्याचा शेरा) लागतो, आणि कॉलेजचं ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रक) कायमचं असतं. सहा आठवड्यांच्या उन्हाळी वर्गात ही मुदत काही दिवसांतच संपते.

आणि स्वतः फोन करून मार्क विचारू नका. कॉलेजच्या रेकॉर्डवर हक्क विद्यार्थ्याचा, मग तो पंधरा वर्षांचा का असेना. त्याच्या लेखी संमतीशिवाय ऑफिस सहसा काही सांगत नाही. ईमेल मुलानेच पाठवावा, स्टुडंट आयडी लिहून.